दोन तासांसाठी राखीव

३ जुलै

प्रिय आत्या,

फोन केला असता, पण वाचनकक्षात तू फोन उचलत नाहीस, आणि तू घरी पोचतेस तेव्हा माझा संध्याकाळचा वर्ग सुरू झालेला असतो. म्हणून हे पत्र आतल्या टपालाने. एकाच विद्यापीठाच्या आवारात दोघी नोकरी करतो आणि एकमेकींना पत्रं लिहितो, हे बाबांना सांगितलं तर आठवडाभर हसत बसतील.

सोबत राखीव ठेवायच्या पुस्तकांची यादी आहे. विषय कामगारांचा इतिहास. विद्यार्थी शेहेचाळीस, सगळे दिवसा कुठे ना कुठे कामाला जाणारे. नऊ नोंदी आहेत. त्यातलं पहिलं, ते निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड, सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे त्याची एकच प्रत आहे आणि ते आता कुणी छापत नाही. एखाद्या सरांनी ते सत्रभरासाठी घरी नेलं तर माझा अभ्यासक्रम बसलाच म्हणून समज. ते आधी पकड.

विभागप्रमुख म्हणाले, या सत्रात सगळं सुरळीत झालं तर माझी जागा कायम करायचं बघू. सात वर्षं दर सहा महिन्यांनी नवं नेमणूकपत्र घेतेय. या वेळी होईल असं वाटतंय. बाबांना इतक्यात बोलू नकोस.

तुझी,
टिल्लू


५ जुलै

चि. टिल्लू,

यादी मिळाली. तीन प्रती लागतात, तू दोनच पाठवल्यास. तिसरी मी हाताने लिहून काढली, उपकार मान.

चौथ्या नोंदीत पानं १२० ते १५८ लिहिलीस, ती जुन्या आवृत्तीची. आपल्याकडची नवी आहे, तिच्यात ते प्रकरण १४३ वर सुरू होतं. शेहेचाळीस जण भलतंच प्रकरण वाचून आले असते आणि तू त्यांनाच झापलं असतंस. सातवं बांधणीला गेलंय. नववं पुस्तक फक्त तुझ्या डोक्यात आहे, आपल्या ग्रंथालयात नाही. बाकीच्या सातांच्या पाठीवर पिवळी पट्टी चिकटवून ती कपाटात लावली. निळं पुस्तक अर्थशास्त्राच्या एका सरांच्या नावावर निघालं होतं. सर चहाला गेले होते, तेवढ्यात त्यांच्या टेबलावरून काखोटीला मारून आणलं. चिठ्ठी ठेवली आहे, चोरी नाही.

वर्गाला नियम सांग. पुस्तक दोन तास, वाचनकक्षातच. ओळखपत्र माझ्याकडे द्यायचं, मी ते पुस्तकाच्या रिकाम्या खणात ठेवते. पुस्तक परत, कार्ड परत. सत्तावीस वर्षं असंच चाललंय. खण बघितला की कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते लगेच कळतं. नाव, वर्ग, वेळ असं लिहीत बसले तर परीक्षेच्या दिवसांत रांग जिन्यापर्यंत जाईल, आणि बसची वेळ झालेल्या माणसाचा अर्धा तास माझ्या अक्षरात जाईल.

नवे ग्रंथपाल आले आहेत. तरुण आहेत, बोलायला गोड. परवा म्हणाले, राखीव विभागाचं रजिस्टर बघायचंय. मी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. बघू देत.

तुझी आत्या


१९ जुलै

प्रिय आत्या,

पुस्तकं पळताहेत. एकजण बसवर कंडक्टर आहे, सकाळची पाळी संपली की येऊन दीड तास निळं पुस्तक वाचतो. काल वर्गात त्याने मला पानाच्या आकड्यासकट खोडून काढलं, आणि त्याचंच बरोबर होतं. एक परिचारिका आहे, रुग्णालयातून सुटली की थेट तुझ्याकडे. ती म्हणते, कपाटवाल्या बाई वेळ संपली की खांद्यावर बोट ठेवतात, बोलत नाहीत, पण बोट फार जड आहे.

मी काल ग्रंथालय समितीच्या बैठकीला होते, विभागाने पाठवलं. सांगण्यासारखं विशेष काही नाही, आकडे आणि चहा. लांबली मात्र फार.

बांधणीला गेलेलं सातवं आलं का?

टिल्लू


२ ऑगस्ट

चि. टिल्लू,

सातवं आलं आणि त्याच दिवशी ही सूचनाही आली. नक्कल जोडते, पण मजकूर इथेच सांगते. एक सप्टेंबरपासून राखीव कपाट बंद. पुस्तकं मुख्य दालनात परत. अध्यापकांनी वाचनसाहित्य संगणकावर द्यावं. कारण काय, तर गेल्या पाच वर्षांत राखीव पुस्तकांच्या वापराच्या नोंदी शून्य.

शून्य. मी ते तीनदा वाचलं. मग कपाळावर हात मारून घेतला, कारण शून्य खरं आहे. रजिस्टर कोरं आहे, टिल्लू. मी कधी लिहिलंच नाही. तुला मागे लिहिलं तेव्हा मी तोऱ्यात होते, रजिस्टर टेबलावर ठेवून आले असं. कोरं रजिस्टर ठेवून आले होते आणि वाटलं होतं, माणूस शहाणा आहे, आत येऊन कपाटासमोरची रांग बघेल. त्याने पानं बघितली. चूक माझी आहे आणि ती मी कबूल करते. पण माझ्या चुकीची शिक्षा तुझ्या कंडक्टरला झालेली मी चालवून घेणार नाही.

किल्ली माझ्याकडे आहे. मागायला येतील तेव्हा मी देणार नाही. निवृत्तीला वर्ष उरलंय, माझं काय वाकडं करतील ते करू देत.

सूचनेच्या तळाशी 'समितीच्या सर्व सदस्यांच्या संमतीने' असं आहे. मी वाचलं आणि हसले. सर्वांमध्ये माझी भाचीही आली की. तू समोरच्याला गप्प करण्यात तुझ्या आजीवर गेलीस, तू असल्या कागदाला हो म्हणशील? तुझं नाव त्यांनी परस्पर घुसडलंय. आजच्या आज जा आणि जाब विचार.

आत्या


६ ऑगस्ट

आत्या,

चार दिवस लिहू शकले नाही. नाव कुणी घुसडलं नाही. मी सही केली.

विभागप्रमुख शेजारी बसले होते. ग्रंथपालांनी तक्ता दाखवला, त्यात राखीव विभागापुढे पाच शून्यं होती. मी म्हणाले, असं कसं, माझा वर्ग रोज जातो. ते म्हणाले, नोंद दाखवा. माझ्याकडे नोंद नव्हती. प्रमुख कानाशी कुजबुजले, हा आपल्या विभागाचा विषय नाही, उगाच कशाला, पुढच्या महिन्यात तुमच्या जागेची फाइल जायची आहे. कागद फिरत माझ्यापर्यंत आला. माझ्या आधी आठ सह्या होत्या. मी नववी केली.

तुला लिहिलं, विशेष काही नाही. खोटं लिहिलं. वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षं हा कागद कुठल्यातरी टेबलावर पडून राहील आणि तोवर तू निवृत्त होशील.

पण मीही एक बोलते. तू रजिस्टरात रोज चार ओळी लिहिल्या असत्यास तर मला त्या दिवशी तोंड उघडता आलं असतं. सत्तावीस वर्षांत चार ओळी. सात वर्षं मी दर सहा महिन्यांनी हात जोडून उभी राहते, ते तुला दिसत नाही का? सगळ्यांनी तुझ्यासारखं किल्ली कमरेला लावून अडून बसायचं म्हटलं तर त्याआधी कायमची नोकरी लागते.

टिल्लू


८ ऑगस्ट

प्रति,
मा. अध्यापिका, संध्याकाळचा वर्ग

विषय : राखीव वाचनसाहित्य परत पाठवण्याबाबत

महोदया,

आपण ३ जुलै रोजी दिलेल्या यादीतील आठ पुस्तके, बांधणीहून आलेले धरून, ३१ ऑगस्टपर्यंत राखीव कपाटात राहतील. त्यानंतर त्यांच्या पाठीवरील पिवळ्या पट्ट्या काढण्यात येतील. निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकासाठी अर्थशास्त्राच्या सरांनी मागणी नोंदवली असून ते सत्रभरासाठी त्यांना देण्यात येईल. आपण दिलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स प्रती कार्यालयीन वेळेत घेऊन जाव्यात. कळावे.

ग्रंथालय सहायक,
राखीव विभाग


१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं महोदया पोचलं. दोन कानशिलात लगावल्या असत्यास तर बरं झालं असतं.

सोमवारी वर्गात सूचना वाचून दाखवली. पुढचंही सांगितलं, की खालची नववी सही माझी आहे. मग परिचारिकेने विचारलं, "मॅडम, मग आता आम्ही वाचायचं कुठे?" मी म्हणाले, संगणकावर. तिने पर्समधून आपला फोन काढला, काच तडकलेला, आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "यावर सहाशे पानं तुम्ही वाचून दाखवा." रागाने नाही, अगदी साधेपणाने. मला त्या फोनकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांकडे जाऊन बसले. त्यांच्याच संगणकावर माझी यादी शोधली. आठपैकी सहा पुस्तकं तिथे नाहीत. निळं तर नाहीच. ते म्हणाले, हे मला माहीत नव्हतं. माणूस वाईट नाही ग. त्याला कागद दिसतो, रांग दिसत नाही, कारण त्याच्या खोलीचं दार जिन्याकडे उघडतं आणि तुझी रांग आत असते.

मग तिथेच बसून मी एक अर्ज लिहिला. समितीला दिलेली संमती मी लेखी मागे घेत आहे, ती पुरेशी माहिती न घेता दिली होती. प्रत सोबत आहे. विभागप्रमुखांना कळलं. त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "नीट विचार करा." मी म्हटलं, "विचार न करता सही केली होती सर, आता केलाय."

२९ तारखेला समिती पुन्हा बसणार आहे. ग्रंथपाल म्हणाले, वापराचा काहीतरी पुरावा आणा, मी स्वतः ऐकून घेईन. आत्या, काही आहे का? काहीही. मला माफ करू नकोस हवं तर, पण असेल ते दे.

तुझी,
टिल्लू


१७ ऑगस्ट

चि. टिल्लू,

अर्ज वाचला. पहिल्या वाक्यात एक स्वल्पविराम जास्त आहे, बाकी झकास. दादाला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, पोरगी माझीच आहे. सोयीचं तेवढं स्वतःकडे घ्यायची त्याची जुनी सवय.

माझा राग गेलेला नाही. पण तो तुला वाटतो त्या गोष्टीचा नाही. ते मागाहून सांगेन.

रजिस्टराबद्दल तू जे लिहिलंस ते मला झोंबलं, कारण ते खरं आहे. हात जोडून उभं राहण्याबद्दल लिहिलंस तेही. मी पहिल्याच वर्षी कायम झाले होते. किल्ली अडवून धरताना मला काही गमवावं लागत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता कामाचं. माझ्या टेबलाला खालचा खण आहे. त्यात विसरलेली कार्डं आहेत. कुणाची बस सुटत असते, कुणाची पाळी सुरू होत असते, पुस्तक पटकन टेबलावर ठेवतात आणि कार्ड न घेताच पळतात. मग नवीन काढतात, जुनं न्यायला कुणी येत नाही. टाकून द्यायला माझं मन होत नाही. प्रत्येक कार्डाला मी कागदाची पट्टी बांधते, तारीख आणि पुस्तकाचं नाव लिहून, म्हणजे माणूस आलाच तर शोधायला बरं. काल मोजली. दोनशे चौदा निघाली. सगळ्यात जुनं मी लागले त्या वर्षीचं, सगळ्यात नवं मागच्या गुरुवारचं. ते तुझ्या कंडक्टरचं आहे, त्याला म्हणावं घेऊन जा, पण २९ नंतर.

आता तूच समितीला विचार. शेकड्यात एखादा माणूस कार्ड विसरतो. दोनशे चौदा विसरले, तर न विसरता वाचून गेले ते किती? हिशेब त्यांना करू दे, त्यांना आकडे आवडतात. आणि हेही सांग, की कार्डं राहिली, पुस्तक एकही परत यायचं राहिलं नाही. सत्तावीस वर्षांत या कपाटातून एक पुस्तक गेलेलं नाही.

दुसरं. उद्यापासून मी रजिस्टर लिहिणार आहे. नाव, वर्ग, पुस्तकाचं पूर्ण शीर्षक, घेतल्याची वेळ, दिल्याची वेळ, सही. सुवाच्य अक्षरात, सावकाश. नियमच आहे तसा. रांग जिन्यापर्यंत जाईल आणि ग्रंथपालांचं दार तिकडेच उघडतं.

आत्या


२४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

आवारात सगळीकडे तुझीच चर्चा आहे. टपालवाले काका सांगत होते, मंगळवारी रांग जिना उतरून नोटीसफलकापर्यंत आली आणि ग्रंथपालांना खोलीबाहेर पडायला वीस जणांना "जरा सरका" म्हणावं लागलं. शेवटी ते रांगेतच उभे राहून एकेकाला विचारत होते, काय वाचता, कुठून येता. परिचारिकेने त्यांना म्हणे पंधरा मिनिटं सांगितलं. तिला ऐकणारा मिळाला की ती सोडत नाही.

माझ्या जागेची फाइल गेली नाही. प्रमुख म्हणाले, पुढे बघू. घरी येऊन तासभर रडले, मग उत्तरपत्रिका तपासल्या. तुला खोटं सांगायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते, वाईट वाटलं आणि अजून वाटतंय. पण अर्ज पुन्हा लिहायची वेळ आली तर तोच लिहीन, एक स्वल्पविराम कमी करून.

खण कुलपासकट पाठव. मी स्वतः उचलून आत नेणार आहे.

टिल्लू


२९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुला आत येऊ दिलं नाही म्हणून जसं झालं तसं लिहिते.

खण मी टेबलाच्या मधोमध ठेवला. एका सदस्याने विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, नोंदी. ग्रंथपालांनी एक कार्ड उचललं, पट्टी वाचली, दुसरं उचललं, मग तिसरं. एका पट्टीवर तू तारखेखाली लिहिलं होतंस, 'अर्धं प्रकरण राहिलं म्हणाली, मूल लहान आहे, उद्या आली तर आधी हिला देणे.' ते त्यांनी मोठ्याने वाचलं. नंतर कुणी चहाचा कप उचलला नाही.

प्रमुखांनी विचारलं, "ही कार्डं परत का केली नाहीत? हा निष्काळजीपणा नाही का?" मी म्हटलं, "न्यायला कुणी आलं नाही सर. पुस्तकं मात्र सगळी परत आली. मुख्य दालनातून गेल्या पाच वर्षांत किती गेली, ते तक्त्यात असेल." होतं. ग्रंथपालांनी आकडा वाचला आणि तक्ता पालथा घातला.

मग म्हणाले, "माझे आकडे खोटे नव्हते, पण अपुरे होते." कपाट राहणार. एक वर्ष, रजिस्टर लिहायच्या अटीवर, मग पुन्हा विचार. नऊपैकी सहा सह्या आपल्या बाजूने. प्रमुखांची नाही.

बाहेर येताना त्यांनी मला सांगितलं, पुढचं सहा महिन्यांचं नेमणूकपत्र मिळेल, त्यापुढचं सांगता येत नाही. मी म्हटलं, सहा महिने म्हणजे एक पूर्ण सत्र, पुढची यादी मी आजच देते. सोबत जोडली आहे. तीन प्रती.

आता तो राहिलेला राग सांग.

तुझी,
टिल्लू


१ सप्टेंबर

चि. टिल्लू,

कपाट आज सकाळी नऊला उघडलं. किल्ली मागायला कुणी आलं नाही, माझी जरा निराशाच झाली. वर्षभराने पुन्हा विचार करणार म्हणतात, करू देत. तोवर रजिस्टरं इतकी भरतील की ती ठेवायला त्यांना दुसरं कपाट लागेल. मी निवृत्त झाले तरी रांगेत येऊन उभी राहीन, नाव-गाव-वेळ सांगून.

यादी मिळाली. तिसऱ्या नोंदीत आवृत्ती लिहिली नाहीस.

आता राग. खणात दोनशे पंधरा कार्डं होती. एक मी मोजायच्या आधीच काढून घेतलं होतं. पट्टीवर तारीख आहे तुझ्या शेवटच्या परीक्षेची आणि पुस्तक निळं. एका खोलीत तुम्ही पाच जण राहायचात, म्हणून तू रोज तिसऱ्या टेबलाशी येऊन बसायचीस. मी तुझ्या खांद्यावरही बोट ठेवायची, भाची म्हणून एक मिनिट जास्त दिलं नाही. त्या दिवशी पुस्तक टेबलावर टाकून तू परीक्षेला पळालीस, मग दुसऱ्या गावी नोकरीला गेलीस. कार्ड तू मागितलं नाहीस आणि मी दिलं नाही. फोटोत दोन वेण्या आहेत आणि तोंड फुगलेलं आहे.

तू जागेसाठी सही केलीस, त्याचा राग मला दोन दिवस होता. उरलेला राग याचा, की शून्य वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, माझा वर्ग जातो. मी जात होते, असं म्हणाली नाहीस. तू स्वतः नोंद होतीस आणि नोंद नाही म्हणून गप्प बसलीस. ते कार्ड मी समितीपुढे ठेवू शकत होते. तू त्यांना आपण होऊन सांगशील का ते मला बघायचं होतं. तू हे सांगितलं नाहीस, पण खण उचलून नेलास, तेव्हा फिटंफाट.

कार्ड परत मिळणार नाही. ते मी निळ्या पुस्तकाच्या खणाशेजारी खिळ्याला अडकवलंय. तुला पुस्तक लागलं तर तेच चालेल, मुदत बघायला मी बसलेय. मात्र रांगेत उभी राहा, कंडक्टरच्या मागे. तुला मिळतील दोन तास.

आत्या